पित्त खवळलेले दोघे

जुळ्या भावंडांनी तीन महिने एकाच ताटातलं जेवावं आणि पोट एकीचंच बिघडावं, हे कसं?

चंद्रावरच्या वसाहतीत कालच आलेल्या ढेकर नावाच्या आरोग्य-रोबोटनं तेरा वर्षांच्या इरावतीची शी तपासली आणि तिला काचेच्या खोलीत कोंडलं.

"पित्ताम्लं वेगळी. जिवाणू वेगळे. भाऊ निनाद निरोगी, तू बाधित. चार वाजता तुझ्या आतड्यातले सगळे जिवाणू मारण्यात येतील. धन्यवाद."

इरावतीनं बेंबीभोवती दाबून पाहिलं. पोट जराही दुखत नव्हतं. त्याचीच तिला जास्त भीती वाटली. पावणेचार झाले होते.

"दार उघड!" तिचे शास्त्रज्ञ आजोबा, नाना, काचेवर थापा मारत ओरडले. "माझं पित्त खवळलंय आता!"

"नोंद केली. दुसरा रुग्ण," म्हणत ढेकरनं त्यांनाही आत ढकललं.

"नाना, जिवाणू मेले तर मी मरेन?"

"नाही गं. पण पोटाचे हाल होतील. आपले आचारीच ते!" नाना तिच्या शेजारी बसले. "यकृत पित्ताम्लं (तेलातुपाचे बारीक थेंब करणारी, साबणासारखी द्रव्यं) बनवतं. जिवाणू त्यांचं रूप पालटतात. उलट, कोणते जिवाणू टिकणार यात पित्ताम्लांचाही हात असतो."

"मग निनादचं नि माझं वेगळं का? जुळी ना आम्ही?"

"जुळी म्हणजे सारखी नव्हे. वयात येताना मुलींची संप्रेरकं (रक्तातून निरोप नेणारी द्रव्यं) वेगळी, मुलग्यांची वेगळी. ते निरोप यकृतालाही पोचतात."

छतातून औषधाची नळी उतरू लागली. इरावती किंचाळली, "ढेकर, बाकीच्यांचे नमुने तपास!"

"बायका बावीस, बाधित एकोणीस. पुरुष चोवीस, बाधित तीन. भयंकर साथ आहे. खोल्या कमी पडतील."

"निरोगीपणाचं माप म्हणून तू कुणाला धरलंस?" इरावतीनं विचारलं.

"पहिल्या तुकडीतल्या अकरा अंतराळवीरांना."

"त्यांत बायका किती?"

नळी तिच्या ओठांपाशी येऊन थांबली.

"शून्य."

दार उघडलं. "दुरुस्ती. इरावती बाधित नाही. इरावती मुलगी आहे."

इरावती बाहेर आली. "आणखी काय काय नुसत्या पुरुषांवरून ठरवलंय रे?"

"गोळ्यांची मात्रा. अंतराळपोशाख. खुर्च्या..."

"थांब, वही आणते."

नानाही निघाले, तशी ढेकरनं वाट अडवली. "आपलं पित्त अजून खवळलेलं आहे."

दार पुन्हा बंद झालं. इरावतीनं वही आणून कोरं पान उघडलं. आतून नाना ओरडले, "लिहिशील ते मोठ्यानं वाच गं, मलाही ऐकू दे!"