डब्यातला वॉल्व्ह

मिस्त्री कामाला पक्का आणि तोंडाचा फटकळ. गाडी दुरुस्तीला टाकून कुणी वर शहाणपण शिकवू लागलं, की हातातला पाना पुढे करून म्हणायचा, "घ्या, तुम्हीच करा!" त्या दिवशी मात्र तो गप्प होता. समोर मोठ्या भावाची व्हॅन उभी होती आणि भाऊ आठ दिवसांपासून दवाखान्यात होता. छातीचं नेमकं काय बिघडलंय, ते डॉक्टरांनाही धड सांगता येत नव्हतं. जरा शुद्धीवर आला की पहिली चौकशी व्हॅनची.

"भावजी, गाडी तेवढी चालू करा," वहिनी फोनवर म्हणाली होती. "ह्यांचा जीव तिच्यातच अडकलाय बघा."

भाऊ अकरा वर्षं त्या डिझेल व्हॅनमधून बेकरीचा माल पोचवत होता. अलीकडे ती चढावर धापा टाकायची, मागून काळा धूर ओकायची. दुखणं मिस्त्रीनं नुसतं ऐकूनच ओळखलं होतं. ईजीआर वॉल्व्ह. इंजिननं बाहेर टाकलेल्या धुरातला थोडा परत आत सोडायचा, एवढंच त्या झडपेचं काम. ती काजळीनं अडकली की इंजिन आपल्याच धुरात गुदमरतं. आता नवीन वॉल्व्ह आणून ठेवला होता.

दुपारी त्यानं बॅटरीची तार काढली आणि बॉनेटखाली वाकला. दोन बोल्ट निमूट सुटले. तिसऱ्यानं जीव नकोसा केला. शेवटी वॉल्व्ह हातात आला आणि मिस्त्री दचकलाच.

वॉल्व्ह कोमट होता. आठ दिवस बंद पडलेल्या गाडीतला. उन्हानं तापला असेल म्हणून त्यानं बॉनेटला हात लावून पाहिला, तर पत्रा गारठलेला.

"काहीतरीच!" तो पुटपुटला आणि कामाला लागला.

जुना भाग फेकायचा नाही, ही त्याची सवय. वायरीचा भाग सोडवायचा, उरलेला रॉकेलच्या डब्यात बुडवायचा. आत अडकलेली हवा बाहेर पडते, बुडबुडे येतात. बुडबुडे थांबले की काजळी सुटली समजायचं. त्याला दोन-चार मिनिटं फार झाली. मिस्त्रीनं डबा टेबलावर ठेवला आणि नवा वॉल्व्ह बसवायला घेतला.

अर्ध्या तासानं बोल्ट आवळून, तार जोडून तो वळला. डब्यात बुडबुडे येतच होते.

दोन लहान, एक मोठा. मग थोडं थांबून पुन्हा दोन लहान, एक मोठा. एवढी हवा त्या मूठभर लोखंडात मावणार कुठे? तो खाली वाकून पाहत राहिला. हळूहळू मधली वेळ वाढत गेली. चला, साफ होतोय एकदाचा, असं म्हणत त्यानं हात पुसले.

फोन वाजला.

"भावजी!" वहिनीचा आवाज कापत होता. "ह्यांना श्वास घेता येईना हो. एकदम घुसमटलेत. डॉक्टर आलेत, पण..."

पलीकडे कुणीतरी जोरात काही सांगत होतं. मिस्त्रीची नजर डब्यावर होती. एक लहान बुडबुडा वर आला.

मग काहीच नाही.

"वहिनी, फोन ठेवू नका."

आपण काय करतोय ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं. कोपरापर्यंत हात बुडवून त्यानं वॉल्व्ह बाहेर ओढला. रॉकेल टेबलभर सांडलं.

"घेतला!" वहिनी रडायलाच लागली. "घेतला हो श्वास!" आणि जरा वेळानं, हळूच, "भावजी, ह्यांच्या तोंडाला रॉकेलचा वास कसा येतोय?"

मिस्त्रीनं वॉल्व्ह फडक्यात गुंडाळला. दारात उभी गाडी ती एकच. व्हॅन पहिल्याच फटक्याला सुरू झाली. धुराचा मागमूस नाही. चढावर इंजिननं असा काही जोर धरला, की त्याचीही छाती भरून आली. दादा वाचला, बस्स! दवाखान्याच्या आवारात त्यानं इंजिन बंद केलं, किल्ली काढली आणि धावतच तीन जिने चढला.

भाऊ शांत पडला होता. तोंडावरचा मास्क वाफेनं पांढरा होई आणि पुन्हा निवळे.

"अहो, दम तरी घ्या," वहिनी म्हणाली.

पण मिस्त्रीला दम लागलाच नव्हता. त्यानं फडकं उशाशी ठेवलं. भावानं डोळे उघडले, चाचपून फडक्यावर हात ठेवला आणि मास्क जरासा बाजूला केला.

"जुना फेकला नाहीस, बरं केलंस. आणि नव्याला कुणाचा श्वास दिलास?"

काहीतरी काय विचारतोस दादा, असं म्हणायला मिस्त्रीनं तोंड उघडलं. शब्द फुटेना. त्यानं घसा खाकरायचा प्रयत्न केला, तेही जमेना.

संध्याकाळ गार होती. खिडकीपाशी कुणाच्या तरी लेकरानं काचेवर वाफ सोडून बोटानं रेघा ओढल्या होत्या. मिस्त्री काचेला नाक लावून उभा राहिला आणि तशीच वाफ सोडायला त्यानं तोंड उघडलं. खाली आवारात व्हॅन बंद उभी होती. काचेपलीकडून ती त्याला अगदी स्वच्छ दिसत राहिली.