शेवाळाचा कागद

दर मंगळवारी समुद्रशेवाळाचं ओलं पोतं घेऊन एक दादा आमच्या प्रयोगशाळेच्या मागच्या दाराशी यायचे. त्या मंगळवारी दारात दुसराच कुणी उभा होता. छत्री असून भिजलेला, हात रिकामे.

"दादा नाही आले?"

"मी त्याचा धाकटा भाऊ. तो... मागच्या आठवड्यात भरतीत सापडून गेला. तुम्ही वाट बघत राहाल, म्हणून सांगायला आलो."

मी त्याला आत घेतलं. खुर्ची पुढे केली, चहा दिला. त्याची नजर टेबलावरच्या पातळ, हिरवट पापुद्र्यावर थांबली.

"हे काय?"

"दादांनी आणलेलं शेवाळ. उकळून, गाळून, लवंगेचा अर्क घालून सुकवलंय. यात गुंडाळलेल्या पावाला लवकर बुरशी धरत नाही. आणि फेकलं तरी मातीत विरून जातं."

त्याने पापुद्रा उजेडासमोर धरला. "तो म्हणायचा, शेवाळाचा कागद करतात तिथे. आम्ही हसायचो त्याला..."

पुढच्या मंगळवारी तो पुन्हा आला.

"इकडून चाललो होतो."

"रस्ता तर इथेच संपतो."

तो कानापर्यंत लाल झाला. मग येतच राहिला. कागद कापून द्यायचा, पाव गुंडाळायचा. मात्र समुद्राचा विषय निघाला की गप्प. पाण्यात पाय घालणार नाही, अशी त्याने शपथच घेतली होती.

दीड महिन्यात शेवाळ संपलं. चाचणी अर्ध्यावर होती. शेवटी ओहोटी बघून मीच विळा घेऊन खडकांवर गेले... आणि घसरले. पाणी कमरेपर्यंत आलं, पाय फटीत अडकला. जीव खाऊन ओरडले.

प्रयोगशाळेकडे निघालेला तो किनाऱ्यावरून धावत आला. थेट पाण्यात. पाय सोडवून त्याने मला खडकावर ओढलं.

"एक गेला, ते पुरे नाही झालं? तुला काही झालं असतं तर मी—"

'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"तर काय?" मी हळूच विचारलं.

त्याने लाटांकडे पाठ फिरवली. "घरी चल. आईला तो कागद दाखव. तिचा मुलगा कशासाठी पाण्यात जायचा, ते तिला कळू दे."

"आणि मी कोण म्हणून येऊ? शेवाळ घेणारी बाई?"

"नाही," तो म्हणाला. माझं मनगट अजून त्याच्या हातात होतं. "माझी म्हणून."