दारातली लांबी

“मिस्त्री कुठे आहेत?”

दोंडाईच्याला स्टेशनरोडवरच्या अभिमन मिस्त्रींच्या गॅरेजात शिरणारा प्रत्येक नवा माणूस हेच विचारायचा, आणि विचारायचा कुणाला, तर दिपमालेला! हातात रबरी मोजे, तोंडाला फडकं, समोर अर्धं सोललेलं बॉनेट... तरीसुद्धा. डॉक्टरांनी अभिमन मिस्त्रींना, म्हणजे तिच्या अण्णांना, रंगाच्या वासापासून दूर राहायला सांगितलं, त्याला दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून अण्णा बाहेर खुर्ची टाकून बसत, आणि जुना रंग काढण्यापासून नवा चढवण्यापर्यंत सगळं त्यांची ही लेक करी.

“मिस्त्रीशीच बोलताय. काय आणलंय, भाऊ?”

समोरचा उंचापुरा तरुण गडबडला. नाव प्रेमराज, शिरपूरजवळच्या गावात कापूस करणारा, शेतकीची पदवी घेतलेला. आजोबांची जुनी जीप त्याला नव्यासारखी करायची होती. स्टेशनवर पार्सल सोडवायला आला होता, येताना नमुन्याला जीपचं एक दार पिकअपमध्ये टाकलं होतं, आणि गॅरेजची पाटी बघून तो वळला होता.

दिपमालेनं दारावर बोटाच्या पेरानं टकटक केलं. आवाज बद्द आला.

“यात लांबी फार आहे.”

प्रेमराज गंभीर झाला. पिकअपकडे गेला, मोजायची टेप घेऊन आला आणि वाकून दार मोजू लागला. “तीन फूट दोन इंच... जीपच्या दाराला एवढी असतेच ना?”

बाहेर खुर्चीत अण्णा हसून हसून खोकायला लागले. दिपमालेनं फडक्याआड ओठ दाबले, पण डोळे काही ऐकेनात. “अहो, लांबी म्हणजे ते भरण! पोचे बुजवायला थापतात ते. तुमच्या दारात कुणीतरी बोटभर थापून ठेवलंय.”

प्रेमराजचे कान लाल झाले... आणि ते तिला फार आवडले.

चार दिवसांनी तो दार न्यायला आला. दार पार उघड्या पत्र्यापर्यंत गेलं होतं, प्रत्येक पोचा हातोडीनं ठोकून सरळ केलेला, वर राखाडी प्रायमर. तो हात फिरवत राहिला. “यात लांबी किती?”

“नखाएवढीसुद्धा नाही,” ती ताठ मानेनं म्हणाली. “माझ्या हातून गेलेलं दार आहे ते.”

मग तो येतच राहिला. दुसरं दार, मग बॉनेट, मग एकेक मडगार्ड... भल्या सकाळी यायचा, कारण उन्हात रंग काढायचं औषध वाळून जातं हे त्याला आता पाठ झालं होतं. ती ब्रशनं औषध लावायची, जुना रंग सुरकुतून वर यायचा, आणि खरवडायच्या पत्रीखाली एकेक थर निघायचा. पांढरा, खाकी, मग निळा. तो पाहत बसायचा. पत्र्याकडे कमी, तिच्याकडे जास्त!

“अख्खी जीप एकदम का नाही आणत?” एकदा तिनं विचारलंच.

“एकदम आणली तर... एकदाच यावं लागेल.”

तिच्या हातातली पत्री थांबली. “लबाड आहात, भाऊ!”

“लबाड म्हणा. भाऊ तेवढं म्हणू नका.”

शेवटी मागचं फाळकं आलं. आता जीपचं काहीच उरलं नव्हतं. पत्रा चकचकीत निघाला तसा तो हळूच म्हणाला, “तुम्हीच म्हणता ना, उघडा पत्रा तसाच ठेवू नये, गंज धरतो... मी पार उघडा पडलोय, दिपमाला. आवडता तुम्ही मला. लग्न कराल माझ्याशी?”

 तिला हो म्हणावं असं फार फार वाटलं. पण तिनं मोजे काढले आणि डाग पडलेली नखं त्याच्यासमोर धरली. “याआधी दोन स्थळं आली होती. दोघांचं एकच, लग्नानंतर हे काम बंद. मी चहा पाजून वाटेला लावलं त्यांना. तुम्हीही मला आवडता. पण पत्री मी सोडणार नाही.”

त्यानं तिच्या नखांकडे पाहिलं. उघडं फाळकं तसंच उचललं आणि गेला.

आठ दिवस झाले. सकाळी पिकअपचा आवाज आला की तिची मान वळायची, आणि गाडी दुसऱ्याचीच असायची. आपण चूक केली का? रात्रंदिवस मनाला विचारलं, उत्तर एकच आलं, नाही. रडू आलं, तरीही नाहीच.

नवव्या दिवशी शिरपूरला रंग चढवून घेतलेली निळी जीप दारात उभी राहिली, आरशासारखी. तिनंच सोललेला, सरळ केलेला एकेक पत्रा उन्हात झळकत होता. आतून प्रेमराजची आई पुष्पाबाई उतरल्या. बॉनेटवरून हात फिरवत थेट तिच्यापाशी आल्या.

“हाई बठ्ठं तूच करं का, पोरी?”

“हा, रंग तेवढा सोडून सगळं मीच.” 

“दखाड तुना हात.” तिनं पुढे केला. पुष्पाबाईंनी तो दोन्ही हातांत धरला. “असा हात मना घरमा जोयजे.” असाच हात त्यांना घरात हवा होता.

मागून प्रेमराज एक कोरा, लांबलचक पत्रा घेऊन आला. “उशीर झाला, माफ करा. त्या दिवशी नुसतं हो म्हटलं असतं, तर तुम्हाला खरं वाटलं नसतं. शिरपूरच्या रस्त्यावरची आमची कापसाची शेड तुमच्या गॅरेजासाठी रिकामी केली. या पाटीवर फक्त रंग चढवायचाय. तुमचं नाव, आणि खाली... ऑटो पेंटर.”

अण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. डोळे पुसत म्हणाले, “माझं काय, मी खुर्ची तिकडेही टाकेन!”

 दिपमालेनं पत्र्यावर बोटाच्या पेरानं टकटक केलं आणि भुवई उंचावून विचारलं,

“लांबी किती?”

प्रेमराजनं खिशातून टेप काढली. “सहा फूट. मोजून आणलीय.”

“चालेल,” ती म्हणाली, आणि ब्रश घ्यायला वळली. “पण अक्षरं मीच काढणार हं!”