आपलंच घर समजा

"आई, त्या बाई आपल्या घरातून गेल्या कधी?"

एवढाच प्रश्न. हिंमत असेल तर आईला विचारून दाखव, अशी मैत्रिणींनी पैज लावली होती. मी हसत हसत विचारला.

आता वाटतं, नसता विचारला तर...

हे सगळं खरं आहे. मला वर्गात 'भोंगा' म्हणतात. वक्तृत्व स्पर्धेत पहिली आल्यापासून मी गप्प बसतच नाही, म्हणून. पण त्या दिवशी या भोंग्यातून आवाज फुटला नाही.

आणि हो, रात्र नव्हती. लख्ख दुपार होती. खिडकीतून ऊन थेट सोफ्यावर पडलं होतं.

माझे बाबा मोठमोठ्या बेकऱ्यांमध्ये पावाच्या भट्ट्या बसवतात. कंपनीने त्यांना एकामागून एक देशांत पाठवायचं ठरवलं, तेव्हा बाबा म्हणाले, "सगळेच जाऊ. जग बघू!" माझी शाळा कॉम्प्युटरवर होणार होती. मी तर हवेतच होते.

पहिल्या देशातलं पहिलं घर कंपनीनेच घेऊन दिलं होतं. भांडीकुंडी, पडदे, पलंग, सगळं तयार. खाली कपडे धुवायचं दुकान, समोर बसथांबा. घराच्या दाराला लोखंडी बोल्ट होता. तो सरकवला की 'खण्ण' असा आवाज व्हायचा. आख्ख्या जिन्याला कळायचं, कोण आलं, कोण गेलं.

पोहोचलो त्याच दिवशी बेल वाजली. बाबा बेकरीत गेले होते. आईने दार उघडलं.

खण्ण!

दारात एक बाई. आईच्याच वयाच्या. पायात घरातल्या सपाता, बाह्या वर दुमडलेल्या.

आणि हात ओले... भांडी घासता घासता उठून आल्यासारखे.

आईला इथली भाषा ओ की ठो येत नव्हती. पण आमच्या आईला पाहुणा दिसला की ती थांबते थोडीच! तिने चक्क मराठीत सुरुवात केली. "अहो, या ना! दारात काय उभ्या? बसा. आपलंच घर समजा!"

मी हळूच म्हटलं, "आई, त्यांना काय कळणार आहे?"

"प्रेमाने बोललेलं सगळ्यांना कळतं," आई म्हणाली.

त्या बाई हसल्या. आत आल्या.

आईने चहा टाकला. मी आतल्या खोलीत कपाट लावायला गेले. परत आले तेव्हा कप रिकामा होता. खुर्चीही रिकामी.

आई म्हणाली, "छान आहेत गं बाई. बोलत मात्र काही नाहीत."

मी विसरून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या चपला दाराबाहेर सापडल्या. आत काढलेल्या चपला... बाहेर, आणि जिन्याकडे तोंड करून ठेवलेल्या.

मग आईला साखर सापडेना. डबे तिने स्वतः लावले होते. आता ते भलत्याच फळीवर होते. सगळे नीट पुसलेले.

"तू हलवलेस का गं?"

"मी? आणि डबे पुसेन? आई, जरा विचार करून आरोप करत जा!"

आई हसली. पण दुपारी ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर पर्स. मला म्हणाली, "जरा पाणी मिळेल का?"

मला वाटलं, टोमणा मारतेय. कामाला हात लावत नाही म्हणून. मी नाटकीपणे वाकून पाणी दिलं, "घ्या, काकू!"

तिने पेला घेतला. म्हणाली, "थँक्यू हं. तुम्हाला उगाच त्रास."

तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती.

संध्याकाळी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "अगं, विमानाचा प्रवास, झोपेचं सगळं गणित बिघडलंय. मी आज बेकरीत उभ्याउभ्या पेंगलो. होईल ठीक."

नाही झालं.

आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी थांबायला लागली. आत जाण्याआधी विचारायची, "येऊ ना?"

कोणाला विचारायची? आत तर कोणीच नसायचं.

मग ती दुपार. मी व्हिडिओ कॉलवर दोन मैत्रिणींना हे सगळं सांगत होते. एकीला आम्ही टिकली म्हणतो, दुसरीला पैलवान. दोघी सुरुवातीला खिदळत होत्या. मग टिकली एकदम म्हणाली, "भोंग्या, ती बाई गेली तेव्हा तुझा तो खण्ण आवाज आला होता?"

मी आठवून बघितलं.

आवाज एकदाच आला होता. ती आत येताना.

"विचार ना आईला! हिंमत असेल तर विचार!" पैलवान ओरडली. मी मोबाईल हातात धरूनच बाहेर गेले. आई सोफ्याच्या कडेला बसली होती. पर्स मांडीवर. मी विचारलं.

आईने माझ्याकडे पाहिलं. शांतपणे.

"गेल्या कुठे? आतच आहेत की. त्यांचंच तर घर आहे."



तेवढ्यात मोबाईलमधून टिकली म्हणाली, "अगं, जा ना. तुझी आई जेवायला हाक मारतेय."

आई माझ्यासमोर बसली होती. तिचे ओठ मिटलेले होते.

"कुठून... कुठून ऐकू आलं?"

"स्वयंपाकघरातूनच असेल ना! तुला नाही आलं?"

मला फक्त नळाचा आवाज येत होता. कोणीतरी भांडी घासत होतं.

आई उठली. पदर नीट केला. "चला, निघते मी. फार वेळ बसले."

तिने बोल्ट सरकवला. दार उघडलं.

आवाजच झाला नाही...

मी अनवाणी तिच्या मागे धावले. जिना उतरून, रस्ता ओलांडून ती बसथांब्याच्या बाकावर जाऊन बसली. मी तिचा हात घट्ट पकडला.

ती कौतुकाने हसली. "किती गुणी आहेस गं. सोडायला खालपर्यंत आलीस? कोणाची तू?"

मी भर रस्त्यात भोकाड पसरलं. "तुझी! तुझीच आहे मी, आई!"

ती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. अनोळखी पोराला गप्प करतात, तसा.

मी फोन केल्यावर बाबा बेकरीतून धावत आले. अंगावर पांढरा कोट, भुवयांवर पीठ. आईने त्यांना बघून नमस्कार केला! बाबा मटकन बाकावर बसले. मग म्हणाले, "दवाखान्यात नेऊ. मी पैसे आणि बॅग घेऊन येतो."

"वर नका जाऊ, बाबा!"

पण ते गेले. लवकरच परत आले. बॅग होती, पण चेहरा पार उतरला होता.

"टेबलावर ताटं मांडलीत," ते हळूच म्हणाले. "तीन. आणि आतून तुझ्या आईने विचारलं... 'अहो, आज लवकर आलात?'"

"तुम्ही काय म्हणालात?"

बाबा बॅगेचा पट्टा चाचपत राहिले.

"बाबा!"

"सवयीने 'हो' म्हणून गेलो गं..."

दवाखान्यात डॉक्टरांना काही सापडलं नाही. आम्ही हॉटेलात राहिलो. भट्टी सुरू करून दिल्यावर कंपनीने बाबांना पुढच्या देशात पाठवलं. आणि विमान उडाल्यावर आई माझ्याकडे वळून, नेहमीच्या करड्या आवाजात म्हणाली, "केस विंचर आधी. काय अवतार केलायस!"

आयुष्यात मी बोलणी खाऊन इतकी खूश कधी झाले नव्हते. रडले, हसले, आणि केस विंचरले.

इथवर थांबलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते.

इथलं घर लहान आहे, पण छान आहे. आई गाणी म्हणत पोळ्या लाटते. तिला त्या दिवसांतलं काहीही आठवत नाही. मीही आठवण काढत नाही.

पण गेल्या आठवड्यापासून बाबा कामावरून आले की दारातच थांबतात. कान देऊन. काहीतरी ऐकू यायची वाट बघत असल्यासारखे. काल आईने त्यांच्या हातात चहा दिला. त्यांनी कप घेतला आणि म्हणाले, "तुम्ही बसा ना. उभ्या का?"

बाबा आईला 'तू' म्हणतात. कायम.

आई हसली. "आज काय एवढा मान?"

मी नाही हसले.

आज बाबांना फोन आला. त्या पहिल्या देशातली भट्टी बिघडली आहे. दुरुस्तीला जावं लागेल. ते घर अजून कंपनीकडेच आहे, रिकामं.

"दुसऱ्या कोणाला पाठवा म्हणा," आई म्हणाली.

"कशाला? मीच जातो." बाबा कितीतरी दिवसांनी इतके खुशीत दिसत होते. शर्टाची घडी घालत म्हणाले, "लवकरच जायला हवं. ती जेवायची थांबली असेल."



आई हातातलं लाटणं घेऊन तशीच उभी. बाबा पुढच्या शर्टाची घडी घालत होते. आपण काय बोललो, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी त्या दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिले.  आवाज ठणठणीत निघाला.

"आई, बाबा, ऐका. बाबा तिकडे जाणार नाहीत. त्यांचा पासपोर्ट मी लपवलाय, आणि कितीही ओरडलात, मारलंत, तरी कुठे ते मी सांगणार नाही."