धडधाकट घोड्याचा खोकला

हंगामाच्या पहिल्याच दिवशी ऑरिनने त्याचा घोडा आणून माझ्या गाडीला बांधला. मी सँडविचचा घास घेणार, तर समोर घोड्याचं हे भलंमोठं तोंड!

"डॉक्टर, ह्याला खोकला झालाय."

खोकला कसला, घोडा ठणठणीत होता! मी जन्मल्यापासून रोडिओत, म्हणजे उधळ्या घोड्यांवर स्वारी करायच्या खेळांत आहे. बाबा उधळे घोडे पाळायचे, त्यांच्या पायांना पट्ट्या बांधता बांधताच मी घोड्यांची डॉक्टर झाले. आणि हा मला शिकवतो?

"खोकला तुलाच झालाय," मी म्हटलं. "चल, नीघ."

टोपी उचलून हसला... आणि जाताना वळून बघितलं मेल्याने!

मग काय, सगळा उन्हाळा तेच. मोंटाना राज्यात ज्या गावी रोडिओ, तिथे सकाळी हा हजर. आज म्हणे चारा खात नाही, उद्या म्हणे उदास वाटतो. मी चिडायची, ओरडायची... आणि एखाद्या सकाळी आला नाही, तर त्याहून जास्त चिडायची.

काम मात्र त्याचं जोखमीचं. उधळलेल्या घोड्यावर स्वाराने ठरलेली आठ सेकंदं काढली, की ह्याने आपला घोडा भरधाव शेजारी न्यायचा आणि स्वाराला उचलून घ्यायचं. ह्याचा घोडा अडखळला, तर दोघंही टापांखाली.

शेवटच्या रोडिओला तो सकाळी फिरकलाच नाही. शेवटी मीच शोधत गेले. मैदानाच्या फाटकामागे खोगीर कसत होता. घोडा दोन पावलं चालला आणि माझं डोकंच फिरलं. पुढच्या डाव्या पायाने लंगडत होता!

"उतरव ते खोगीर!"

"डॉक्टर, आजचा दिवस—"

"सगळा उन्हाळा धडधाकट घोडा दाखवायला आणलास, आणि आज खरंच दुखतंय तर लपवतोस? लाज नाही वाटत?"

"वाटते ना." त्याची मान खाली. "पण दुसरा घोडा नाही माझ्याकडे. तुम्ही ह्याला बाद केलंत, की रोडिओचा मालक माझ्या जागी दुसरा माणूस घेणार. पुढच्या वर्षीही तोच. मग तुम्हाला... रोज सकाळी कोण छळणार?"

मी गप्प बसले असते तर कुणाला कळलंही नसतं. पण तो मुका जीव पाय उचलून उभा होता.

"हा घोडा बाद!" मी फाटकावरच्या माणसाला ओरडून सांगितलं. डोळ्यांत पाणी आलं, त्या पाण्याचाही राग आला.

ऑरिनने खोगीर उतरवलं. "बरं केलंत. मला धीरच होत नव्हता... येतो मी."

"येतो कसला? ह्या पायाला हिवाळाभर विश्रांती लागेल. माझ्या तबेल्यात राहील तो."

"आणि मी?"

"अरे मूर्खा," मी एवढ्या मोठ्याने ओरडले की फाटकावरची सगळी माणसं वळली, "घोडे मी कुणाचेही बरे करते! राहायला तुला बोलावतेय!"