ओल्या भिंतीवरचा पडदा

“उस्ताद, शिडी जरा मोकळी करता का?”

शिडीवरच्या माणसाने मान वळवली. केसांपासून मोज्यांपर्यंत पांढराफेक! भुवया, पापण्या, कानाच्या पाळ्यासुद्धा गिलाव्याने माखलेल्या. त्यात दोन काळे डोळे तेवढे जिवंत दिसत होते.

“आणि मी कुठे जाऊ? छताला लोंबू?”

“लोंबा की. झुंबर नाहीच आहे अजून खोलीत.”

तो हसला आणि मुकाट्याने खाली उतरला. मुहाय्यो मापपट्टी गळ्यात टाकून शिडी चढली. बाजारामागच्या गल्लीत तिचं पडद्यांचं दुकान होतं. मुलीकडच्या बायकांची गाडी वाटेत पाण्यात अडकली होती, म्हणून ती एकटीच पुढे आली होती. बाहेर नोव्हेंबरचा पाऊस रडवेल्या पोरासारखा किरकिरत होता.

कोकंद शहरात लग्न ठरलं की मुलाकडचे खोली लिंपतात आणि मुलीकडचे ती भरतात. भिंती यांच्या, पण खिडकीवर काय लोंबायचं ते ठरवायचं मुलीच्या आईने. म्हणून एक दिवस मुलीकडच्या बायका माप घ्यायला येतात, पुलाव खातात, आणि त्या दिवशी नवऱ्या मुलाने घरात दिसायचं नसतं. दिसला म्हणून जग बुडत नाही. पण बायका वर्षभर बोलतात, आणि त्यापेक्षा जग बुडलेलं परवडलं.

“दुसरं टोक धरा,” मुहाय्यो म्हणाली. “ही खिडकी तिच्यापेक्षा दोन बोटं वर आहे.”

“खिडकी सरळ आहे, ओपा. घरच वाकडं आहे.”

“ओपा काय? ताई म्हणण्याइतके लहान नाही दिसत तुम्ही.”

“गिलावा धुतला की दिसतो.”

मापपट्टीच्या एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला तो. पट्टी जरा ताणली की तो मुद्दाम सोडायचा, आणि पुन्हा माप घ्यावं लागायचं. तिच्या ते लक्षात आलं होतं. तरी ती पुन्हा माप घेत होती.

“कसले पडदे व्हायचेत?” त्याने विचारलं.

“गडद लाल मखमल. वर तीन पदरी झालर, बाजूला सोनेरी गोंडे, आत जाळीचा पडदा. आणि खोली बघा केवढीशी! उजेड बिचारा अंगणातूनच परत जाईल.”

“तुम्ही असतात तर काय लावलं असतंत?”

“मी...? पातळ सुती. साधा, कच्च्या सुताच्या रंगाचा. या दिवसांत उजेड मुळातच इवलासा, त्याला कशाला अडवायचं?”

तो बघत राहिला, तिच्याकडे की खिडकीकडे ते तिला कळलं नाही.

“नवऱ्या मुलाला विचारलंय का कुणी?” शेवटी तो म्हणाला.

“त्याला काय कळतंय! त्याला खोलीत बायको आली म्हणजे झालं. पडदा उलटा लावला तरी—”

फाटकाशी गलका झाला. त्या माणसाच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने मापपट्टी टाकली, एका ढांगेत खिडकीत चढला आणि परसातल्या चिखलात धप्पकन उडी मारली. आत आलेल्या बायकांमध्ये सर्वांत पुढे घरची मालकीण, होसियत खोला, म्हणजे होसियत मावशी होती. उघडी खिडकी बघून तिने कपाळावर हात मारला.

“पळाला वाटतं आमचा दोनियोर! अगं बायांनो, सासरची माणसं बघून नवरा मुलगा खिडकीतून पळाला!”

बायका खो खो हसल्या. मुहाय्योने शिडीवर उभ्याउभ्या जीभ चावली. मग तीही हसली, पण तिचं हसू बायकांच्या आधीच संपलं.

\* \* \*

खिडकीखालच्या खोली तापवायच्या नळ्या भिंतीपासून किती पुढे आहेत ते मापायचं राहिलं होतं. खरंच राहिलं होतं, नाही असं नाही. पण असली मापं मुहाय्यो एरवी डोळ्यांनीच घ्यायची, आणि कधी चुकायची नाही. या वेळी मात्र ती छत्री घेऊन पावसातून पुन्हा गेली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, तसं तिला वाटत होतं की गल्लीतला प्रत्येक जण विचारतोय, कुठे निघालीस गं?

होसियत खोला बाजाराला गेली होती. दोनियोर एकटाच होता. तोंड धुतल्यावर तो खरंच लहान दिसत होता, किंवा दमलेला.

“मला सांगायचं होतंत,” ती म्हणाली.

“सांगितलं असतं तर तुम्ही बोलला असतात?”

“नसते बोलले.”

“मग?” त्याने पालथ्या बादलीवर वर्तमानपत्र अंथरलं. “बसा. चहा घ्या. पियाला एकच आहे... आधी तुम्ही.”

गॅस सकाळपासून गेला होता. खोलीत नळ्या गार, भिंती ओल्या, तोंडातून वाफ निघत होती. तो परदेशात, कझानला, कित्येक हिवाळे लोकांच्या घरांना गिलावा करत राहिला होता. लग्न झालं की महिन्याभरात पुन्हा तिकडेच जायचं होतं. बायकोने इथे त्याच्या आईपाशी राहायचं.

“म्हणजे एवढी सजवताय ती खोली तुम्ही वापरणारच नाही?”

“पडदे वापरतील,” तो म्हणाला. हसायला गेला, पण जमलं नाही.

मग तिनेही सांगितलं. कुणाला कधी सांगत नसे, पण सांगितलं. तिचंही लग्न झालं होतं. तिनेही आपल्या खोलीचे पडदे आपल्या हाताने शिवले होते, निळे, दुहेरी अस्तराचे. मूल होईना म्हणून सासूने माहेरचा रस्ता दाखवला. मोडलेल्या लग्नात मुलीचं रुखवत मुलीबरोबर परत येतं. गाद्या, कपाट, ताटं, सगळं मालमोटारीवर चढवलं, भर दुपारी, अख्खी गल्ली बघत असताना. पडदे तिने स्वतः काढले.

“नवरा काय करत होता?”

“शिडी धरून उभा होता.” ती पियाला हातात फिरवत राहिली. “माणूस वाईट नव्हता हो. फक्त शिडी धरून उभा होता.”

दोनियोरने तिच्या हातातून रिकामा पियाला घेतला. बोटांना बोटं लागली आणि थोडी जास्तच वेळ लागून राहिली. नळ्यांचं माप कुणीच घेतलं नाही.

त्यानंतर ती झालरीचा नमुना दाखवायला गेली. मग दांडीच्या कड्या बघायला. खोलीतला मागचा कोपरा काही केल्या पुरा होत नव्हता. दोनियोर तो लिंपायचा, खरवडायचा, पुन्हा लिंपायचा.

“कझानमध्ये एवढ्या वेळात अख्खा मजला होतो ना?” तिने एकदा डिवचलं.

“होतो. पण तिथे काम संपलं की घरी जायचं असतं.” त्याने थापी खाली ठेवली. “इथे काम संपलं की... तुम्ही यायच्या बंद व्हाल.”

तिने छत्री उचलली. दुधाने तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आणि समोर ताक नव्हतंच, उकळतं दूध होतं. ती दुकानात परतली आणि तीन पदरी झालरीचा एक पदर उलटा शिवून बसली. संध्याकाळभर उसवत होती. प्रेम होतंय हे तिला तेव्हाच कळलं. तिला त्याचा राग आला.

\* \* \*

नवरी मुलगी दुकानात आली ती एकटीच, भिजत. नाफिसा तिचं नाव. कोवळी पोर, हनुवटीवर खळी. मखमल तिच्या आईने निवडली होती, त्यामुळे तिला विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी ती कापडाच्या तागांवरून हात फिरवत घुटमळत राहिली.

“ओपा... तुम्ही खोली बघितलीत ना? मला तर लग्नापर्यंत बघता यायची नाही. उजेड कुठून येतो हो तिथे?”

“सकाळी अंगणातून. दुपारनंतर नाहीच.”

“आणि... ते?” तिचे कान लाल झाले. “आम्ही एकदाच भेटलो. फोनवर ‘बरंय’, ‘हो’, ‘आईला सलाम सांगा’, एवढंच. आई म्हणते घर चांगलंय, मावशी म्हणते सासू चांगलीय. माणूस कसा आहे ते कुणी सांगतच नाही. तुम्ही बघितलंत का त्यांना?”

मुहाय्योला सांगता आलं असतं, नाही बघितलं. पण जिभेला हाड नसतं, आणि मनात साचलेलं कुठून तरी वाट काढतंच.

“चहात साखर घालत नाहीत,” ती म्हणाली. “नान आधी दुसऱ्याला तोडून देतात. हसले की डोळे आधी हसतात, ओठ मागून. चिडवलं तर चिडत नाहीत, उलट आपल्यालाच चिडवतात. आपल्याला थंडी वाजतेय हे ओळखतात, पण तसं बोलत नाहीत. स्वतःचा कोट काढून ठेवतात जवळ आणि म्हणतात, जरा धरा हो, मला काम करायचंय.”

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण फार बोललो. नाफिसा तिच्याकडे टक लावून बघत होती. आता विचारणार, या भीतीने मुहाय्योने कात्री उचलली. पण पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं.

“रोज रात्री भीती वाटायची मला,” नाफिसा म्हणाली. “आता नाही वाटणार. तुमचे उपकार झाले, ओपा.”

तिने मुहाय्योला मिठी मारली आणि पावसात पळत गेली. तिच्या ओल्या केसांचा वास मागे राहिला. आपल्या हाताने आपलं माणूस मुहाय्योने दुसरीच्या ओटीत घातलं होतं, तेही मापात, व्यवस्थित घडी करून.

\* \* \*

पडदे लावायच्या दिवशी ती बायकांच्या आधी पोहोचली. लाल मखमल दोन्ही खिडक्यांवर चढली आणि खोलीत भरदिवसा तिन्हीसांजा झाल्या. दोनियोर दारात उभा होता. नियमाप्रमाणे आजही त्याने घरात असायला नको होतं.

“एक शब्द बोला,” तो म्हणाला. “आज सगळ्यांसमोर सांगतो. मला हे लग्न करायचं नाही.”

“आई तुमची मला उंबऱ्यात घेईल?”

“नाही घेणार. कझानला जाऊ.”

ती चुण्या सारख्या करत राहिली. मग त्याच्याकडे पाठ वळवली.

“तुम्ही आवडता मला,” ती भिंतीला सांगावं तसं म्हणाली. “फार आवडता. झोप उडालीय माझी. झालं? ऐकलंत? आता जा.”

“ऐकलं. म्हणूनच नाही जाणार.”

फाटक वाजलं. तो अंगणात गेला, पण दूर गेला नाही.

बायका आल्या, बरोबर चिमिल्दिक घेऊन. खोलीच्या कोपऱ्यात टांगायचा तो वधूवरांचा पडदा, पांढरा, भरतकाम केलेला. त्याच्यामागे पहिल्या रात्री दोघांनी बसायचं. तो टांगायला सुखी संसाराची, लेकुरवाळी बाई लागते. विधवेने, टाकलेलीने त्याला बोटही लावायचं नसतं. मुहाय्योला कुणी काही म्हणालं नाही. ती स्वतःच दारापाशी जाऊन उभी राहिली. ते तिला चांगलं जमत होतं.

भरल्या घरची थोराड अनोर खोला शिडीवर चढली, खिळा ठोकला, दोरी बांधली. बायकांनी गाण्याला सुरुवात केली आणि खिळा सुटून पडदा जमिनीवर आला. पुन्हा ठोकला. पुन्हा आला, या वेळी गिलाव्याचा ढलपा घेऊन. गाणं थांबलं. नाफिसाची आई पांढरी पडली.

“अपशकुन...” कुणीतरी पुटपुटलं. “कुणाची सावली पडली?”

एकेक मान दाराकडे वळली. मुहाय्योने खाली बघितलं. बाजारात आजच्या आज सगळ्यांना कळणार होतं.

“कुणाची सावली नाही पडली!” दोनियोर आत आला होता, सासरच्या बायकांसमोर, उघड्या डोक्याने. “तो कोपरा मी काल लिंपलाय. ओला आहे. लिंपून ठेवायला महिना होता माझ्याकडे. मी मुद्दाम ठेवला नाही. का ठेवला नाही ते ऐका. मला—”

होसियत खोलाचा हात छातीवर गेला. मुहाय्योला वाटलं, बोलू दे. देवा, बोलू दे त्याला. एकदाच माझ्यासाठी कुणी शिडी सोडून पुढे येऊ दे. आणि त्याच क्षणी तिला मालमोटार दिसली. तिच्यावर हीच लाल मखमल, हेच गोंडे, आणि अख्ख्या गल्लीसमोर खाली मान घालून उभी असलेली, हनुवटीवर खळी असलेली पोर.

“ओल्या गिलाव्यात नुसता खिळा धरत नाही,” ती मोठ्याने म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. “आत विटेपर्यंत भोक पाडा. लाकडाची खुंटी तासून ठोका आणि खिळा खुंटीत मारा. मग पडदा धरेल. पुष्कळ वर्षं धरेल.”

दोनियोर तिच्याकडे बघत राहिला. ती बघत राहिली. त्या दोघांमध्ये तेव्हा काय झालं ते खोलीतल्या एकाही बाईला कळलं नाही, आणि बायकांना सहसा कळतं.

“ऐकलंस ना रे?” होसियत खोलाने सुस्कारा सोडला. “उभा काय राहिलास? पोरगी बरोबर सांगतेय.”

त्याने पायाशी पडलेला फळीचा तुकडा उचलला आणि तासायला बसला.

मुहाय्योने कात्री, सुया, उरलेले गोंडे पिशवीत भरले. निघताना नाफिसाच्या आईने तिचा हात दाबला, देव तुझं भलं करो म्हणाली. अंगणात पाऊस थांबून धुकं उतरलं होतं, तुतीची झाडं बोडकी उभी होती. फाटकाबाहेर आली तेव्हा मागून हातोडीचा पहिला ठोका ऐकू आला. दुसरा. तिसरा. बायकांनी गाणं पुन्हा सुरू केलं, म्हणजे पडदा धरला होता.

खुंटी बसायला तीनचार ठोके पुरतात. मुहाय्यो गल्लीच्या टोकाला पोहोचली, धुक्यात भिंतीला टेकून उभी राहिली, तोंडात डोक्यावरच्या रुमालाचा बोळा कोंबून रडली, तरी तो ठोकतच होता.