चार लिंबं

भोसरीच्या धातुवाचन केंद्रात पिवळी स्पोर्ट्स कार गाडी उचलायच्या यंत्रावर चढली होती. खाली टेबलाशी तिचा मालक ऋत्विज भोईटे विक्रीचा करारनामा भरत होता.

"आडनाव, काका?"

"टिळेकर," बाळकृष्ण टिळेकर म्हणाले आणि वाट बघत राहिले. आता तरी हा दचकेल! छे. त्याने नाव खरडलं, सही केली आणि किल्ली बोटाभोवती गरगर फिरवली. दोन वर्षांपूर्वी याच गाडीने त्यांच्या लेकीला, ओवीला उडवलं होतं. तासभर पोरगी रस्त्याकडेला पडून होती, मग गेली. आणि या दिवट्याला तिचं आडनावसुद्धा आठवत नाही! कोर्टात वकील बोलत होता, हा मोबाइल चाळत बसला होता. 'धक्का बसला, पण मला खड्डा वाटला,' एवढंच काय ते बोलला. माहीत असून पळाला, हे सिद्ध झालं नाही. सुटला.

टिळेकरांच्या मस्तकात तिडीक गेली, पण त्यांनी गुपचूप सही केली. धातुस्मृतीचं वाचन करून घ्यायचा हक्क मालकाला किंवा विकत घेणाऱ्यालाच होता, आणि दुसरं गिऱ्हाईक ही गाडी परदेशी न्यायला टपलेलं होतं.

"स्प्रिंगा मूळच्याच ना?" त्यांनी विचारलं.

"सगळं मूळचं! फक्त पुढचे पत्रे बदललेत. गाडी एकदम मक्खन आहे, काका."

केंद्राच्या डॉ. निशिगंधा पाटणकरांनी स्मृतिवाचक गाडीखाली सरकवला. "तुमची हयात स्प्रिंगांच्या कारखान्यात गेली, तुम्हाला मी काय सांगू! पोलादाला बसलेला प्रत्येक धक्का त्याच्या कणाकणांत राहतो."

"राहतो, पण पुसट होत जातो."

"त्यावरच तर आमचं घड्याळ चालतं. किती पुसटला, यावरून तो कधी बसला ते कळतं. कुठल्या चाकाकडून आला, तेही."

पडद्यावर चार बारीक रेघा एकाच क्षणी उमटल्या. बाई हसल्या. "ही लिंबं. नवी गाडी घेतली की चारही चाकांखाली लिंबं ठेवून ती पुढे घेतात ना, त्याची खूण. खड्डा कधी चारही चाकांना एकदम लागत नाही. इथे आलेल्या बहुतेक गाड्यांचं वाचन असंच सुरू होतं."

मग डाव्या बाजूची एक उंच रेघ आली. तारीख तीच. संध्याकाळचे सव्वासात. टिळेकर पडद्याजवळ सरकले.

"खड्डाच वाटला होता मला तो," ऋत्विज पटकन म्हणाला.

"असेलही," पाटणकर म्हणाल्या. "नुसत्या धक्क्यावरून चालवणाऱ्याला काय कळलं होतं ते सांगता येत नाही."

टिळेकर खुर्चीवर बसले. संपलं. ओवीसाठी आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"एक मिनिट," पाटणकर पुटपुटल्या. "चौदा तासांनी परत चार. चारही चाकांना, एकदम." त्यांनी वळून पाहिलं. "दुसऱ्या दिवशी सकाळी परत लिंबं ठेवलीत?"

"ती... आईने. ती म्हणाली, गाडीला अपशकुन झालाय, परत पूजा—" ऋत्विजची बोबडी वळली.

"कसला अपशकुन?" टिळेकर ताडकन उठले. "खड्ड्यात आपटलेली गाडी माणूस गॅरेजला नेतो रे! तू तिची पूजा घातलीस! पोलीस तुझ्या दारात यायच्या आत चाकांखाली लिंबं चिरडलीत, हलकटा! माहीत होतं तुला!"

"सौदा रद्द! मला विकायची नाही गाडी!"

"सही झाली आहे," पाटणकर शांतपणे म्हणाल्या. "वाचनानंतर सौदा मोडायचा हक्क घेणाऱ्याचा असतो. टिळेकर, मोडायचाय?"

"मुळीच नाही."

तेवढ्यात केंद्राचे म्हातारे कारकून तबक घेऊन आले. प्रत्येक विक्रीनंतर ते असेच यायचे. तबकात हळद-कुंकू होतं आणि चार लिंबं. "अभिनंदन, साहेब. ठेवू चाकांखाली?"

"नको," टिळेकर म्हणाले. "क्रेन मागवा. गाडीला आता एकही नवा धक्का नको. वरच्या कोर्टापर्यंत तिची चाकं जमिनीला लागता कामा नयेत."